जपानी भाजी

अमेरिकेत लढाई जुंपली, तिथला कापूस विलायतेला जायचा थांबला, वऱ्हाडातल्या कापसाचा भाव वर गेला आणि तसं अमरावतीच्या खुशालरावांचं नाकही वर गेलं. "हे रानटी खाणं माह्या घरात नाही पाहिजे," म्हणत त्यांनी वेळूच्या कोंबांची भाजी बंद केली. त्यांच्या पत्नी गोदाबाईंच्या फार जिवाला लागलं. माहेर मेळघाटाच्या पायथ्याशी. दर श्रावणात हीच भाजी खाऊन त्या वाढलेल्या.

मग कापूस घेणारा एक साहेब बोलून गेला, की जपानात लोक वसंतात या कोंबांची वाट पाहतात, बड्या घरी ते मानानं वाढतात. खुशालराव तडक घरी आले.

"अवं, उद्या जपानी भाजी कर. शेठलोक जेवाले येऊन राहिले!"

गोदाबाईंनी कोंब चिरून रात्रभर पाण्यात ठेवले, कडूपणा काढला, तुरीची डाळ घालून शिजवले. पंगतीत वाहवा झाली. त्यांच्याच माहेरगावचे उत्तमराव, आता कापसाचे मोठे दलाल, ताट निरखत म्हणाले, "असं तं आमी कधी पाह्यलंच नाही. वयनी, कुठं शिकल्या?"

"तुमच्या मायजवळ," गोदाबाई म्हणाल्या. "तुमी चुलीपाशी बसून हंडी खरडत होते."

उत्तमरावांचे कान लाल झाले. मग त्यांनी खालमानेनं ताट पुढं केलं.

"वाढ मंग, गोदे. अजून वाढ."

पाठोपाठ साऱ्या शेठांची ताटं पुढं आली. खुशालरावांनीही दुसऱ्यांदा घेतली, पण जपानी म्हणूनच.