पालथे एक्के

"अहो, मानेवर श्वास सोडू नका. नाहीतर खाली जाऊन चहा घेऊन या."

बायकोने मागे वळूनही न बघता हे सांगितलं. मी अर्धं पाऊल मागे सरकलो. चहा आधीच दोनदा पिऊन झाला होता. फर्निचरच्या दुकानावरच्या त्या हॉलमध्ये सकाळी चाळीसेक माणसं पोकर खेळायला बसली होती, आता सहा उरली होती, आणि त्या सहांत माझी बायको होती. मी नव्हतो. मी जेवणाच्या सुट्टीआधीच बाहेर पडलो होतो. हातात दोन राजे आले, मी पैशांच्या जागी लावायच्या सगळ्या चकत्या पुढे लोटल्या, समोरच्याला शेवटच्या पानावर तिसरी दुर्री लागली, आणि खेळ खलास. पण दोन राजे आल्यावर थांबेल तो माणूस कसला!

खरं तर हिला बसवलं होतं ते माझ्यासाठीच. इथून शेवटचे पाच जण मोठ्या वार्षिक स्पर्धेत जाणार होते. बक्षीस पाचांनाही तेच. पहिला आला म्हणून जास्त नाही की पाचवा आला म्हणून कमी नाही. त्या मोठ्या स्पर्धेचं मला अठरा वर्षांपासूनचं वेड. मी लिफ्ट दुरुस्त करतो. दोन मजल्यांच्या मधे लोंबकळत असतानासुद्धा मी मनात तिथलेच डाव खेळत असायचो. जिंकलेली जागा घरच्या माणसाच्या नावावर करता येत होती, म्हणून आमचं ठरलं होतं की दोघांनी खेळायचं, आणि कोणीही जिंकलं तरी जायचं मीच. ही "बरं" म्हणाली. ही दातांच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसते. गाल धरून विव्हळत आलेल्या माणसाला गोड आवाजात "बसा हं थोडं" म्हणणं हाच तिचा धंदा. पत्ते ती माझ्याकडूनच शिकली, भाजी निवडता निवडता.

सहांत सगळ्यात वाईट अवस्था होती बेकरीवाल्याची. त्याच्या पुढ्यात चकत्या उरल्या होत्या चिमूटभर. पुढच्या डावात पानं बघण्याआधीच सक्तीची बोली लावायची पाळी त्याची होती, आणि त्यात त्याचं होतं नव्हतं ते सगळं जाणार होतं. सगळ्यात वर होता टायरवाला. त्याच्यापुढे चकत्यांचे नुसते मनोरे. बाकीचे जीव मुठीत धरून बसलेत हे त्याला पक्कं ठाऊक होतं, त्यामुळे हातात काही असो नसो, तो सगळं पुढे ढकलून दम भरायचा. हिचं मधलं होतं. फार नाही, पण आणखी काही डाव निभतील इतकं.

पानं वाटली गेली. टायरवाल्याने दोन्ही हातांनी मनोरे ढकलले.

"ऑल-इन! बघू कोणात हिंमत आहे."

पहिल्या दोघांनी निमूट पानं टाकली. पाळी हिच्यावर आली. हिने अंगठ्याने पानांची कड उचलली आणि मागून मला दिसलं. एक्का. त्याच्या मागे आणखी एक एक्का.

आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन! याहून मोठी जोडी खेळात नाही. टायरवाल्याकडे काय असणार, डोंबल? एक "हो" म्हणायचा अवकाश, की हिच्या चकत्या दुप्पट. मी ओठ घट्ट मिटून घेतले, कारण ब्र जरी काढला असता तरी पंचाने हिला उठवलं असतं.

ही विचार करत बसली. मला कळेना, यात विचार कसला करायचा? तिने बेकरीवाल्याच्या चकत्यांकडे पाहिलं, मग स्वतःच्या, मग पुन्हा बेकरीवाल्याच्या. आणि ती दोन पानं, पालथीच, पत्ते वाटणाऱ्या बाईकडे सरकवली.

"पॅक," ती म्हणाली.

माझ्या घशातून कसलातरी आवाज निघाला.

"काय झालं हो?" टायरवाल्याने विचारलं.

"पाय मुरगळला."

उभ्या उभ्या पाय मुरगळलेला माणूस त्याने पहिल्यांदाच पाहिला असावा. मी तरातरा खिडकीशी गेलो. लक्ष्मी टिळा लावायला आली आणि ही म्हणते, थांब, तोंड धुऊन येते! अठरा वर्षांचा माझा घास हिने बोटाने ढकलून दिला होता. घरी गेल्यावर काय काय बोलायचं ते मी मनात जुळवायला लागलो.

तेवढ्यात मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पुढचा डाव संपलाही होता. बेकरीवाल्याच्या उरल्यासुरल्या चकत्या सक्तीच्या बोलीत गेल्या होत्या आणि पानांनी त्याला दगा दिला होता. तो उठला, एकेकाशी हात मिळवून निघून गेला. उरले पाच. माझी बायको जिंकली होती.

मग माझं डोकं चालायला लागलं. दोन एक्के सहा-सात वेळांत एकदा तरी मार खातात. टायरवाल्याकडे चकत्या हिच्याहून कितीतरी जास्त, म्हणजे तो एकदा नेमका आज आला असता तर ही सहावी, हात हलवत घरी. आणि जिंकली असती तर? बक्षीस तेच! दुप्पट चकत्यांचं काय लोणचं घालायचं होतं? तिला फक्त बेकरीवाल्याहून एक डाव जास्त बसायचं होतं. हे गणित मला येतं. मीच ते लोकांना चहाच्या टपरीवर समजावत असतो. पण हातात दोन एक्के असताना, सगळे बघत असताना, ते गणित मांडायचं आणि त्याचं ऐकायचं? बावीस वर्षं जिच्याबरोबर राहिलो, ती बाई कोण आहे ते मला नव्याने बघावंसं वाटलं.

"वहिनी," टायरवाला चकत्या आवरता आवरता म्हणाला, "मगाशी फार वेळ घेतलात. काय होतं हातात?"

"काही विशेष नाही," ही म्हणाली.

हा आवाज माझ्या ओळखीचा होता. आमची आई अंथरुणाला खिळली होती त्या वर्षी, दुसऱ्या शहरातल्या मोठ्या इस्पितळातून हिला नोकरीचं बोलावणं आलं होतं. हिने नाही म्हणून कळवलं. कसली नोकरी होती, मी विचारलं होतं. काही विशेष नाही, ही म्हणाली, आणि आईला औषध द्यायला उठली. मला ते खरं वाटलं. इतकी वर्षं मी हेच धरून चाललो की हिच्या हातात काही नव्हतंच.

आयोजक पेन उघडत आला.

"हं, बोला. जागा कोणाच्या नावावर?"

"यांच्या," हिने माझ्याकडे बोट केलं. ठरल्याप्रमाणे. चेहऱ्यावर काही नाही. एक्के सरकवताना तो मला मागून दिसला नव्हता, पण असाच असणार.

माझं नाव ओठांवर होतं. अठरा वर्षं ते तिथेच बसलं होतं. मला ते सांगायचं होतं, अगदी जीव तोडून सांगायचं होतं.

"हिच्या नावावर करा," मी म्हणालो.

"अहो, काहीतरीच काय! तुम्हाला जायचं होतं ना?"

"होतं."

"मग?"

"मग काही नाही. तू जा."

आयोजक आळीपाळीने आमच्याकडे बघत राहिला. "नक्की काय ते सांगा बुवा, मला पुढचेही लिहायचेत."

हिने माझ्याकडे पाहिलं. मी तिची पर्स उचलून खांद्याला अडकवली आणि उगाच पट्टा नीट करत राहिलो. मग ती आयोजकाकडे वळली आणि तिने आपलं नाव सांगितलं. त्याला नीट ऐकू आलं नाही, म्हणून पुन्हा सांगितलं, आणि या वेळी ते सगळ्या हॉलला ऐकू गेलं.