काळविटाचं गाव

आज सांगायचंच, असं इंदुताईंनी चपला पायात सरकवताना ठरवलं होतं. घरात सासूबाईंचे कान तिखट, म्हणून सरकारी कामाला निघालेल्या नवऱ्याबरोबर अजायबघरात जायचं निमित्त काढलं. नाहीतर रविवारची सकाळ सोडून पेंढा भरलेली जनावरं बघायला कोण जातंय!

मुकुंदराव सेलूकर शिक्षण खात्यात हेडक्लार्क. हैदराबाद राज्याची तीन शकलं व्हायला तीन आठवडे उरले होते. मराठवाडा मुंबई राज्यात चाललेला, आणि नोकरदारांना फॉर्म वाटलेले: तिकडे जाता की इथंच राहता? मुकुंदराव मूळचे परभणीकडचे, म्हणून त्यांनी ‘मुंबई’ लिहूनही टाकलं. उद्या फॉर्म द्यायचा, खाली सही तेवढी बाकी. बायकोला विचारावं हे गृहस्थाच्या ध्यानीमनीही आलं नाही. इकडे इंदुताई बावीस वर्षं हैदराबादच्या बरकतपुऱ्यात रुजलेल्या, मुलींच्या शाळेत ड्रॉइंग शिकवणाऱ्या. त्यांना इथून हलायचंच नव्हतं. पण महिनाभर बाईंनी तोंडात मिठाची गुळणी धरलेली.

रिक्षात बसल्यावर त्यांनी घसा खाकरला. “अहो, मी काय म्हणते…”

“काय?”

पुढच्या रिक्षाच्या पाठीवर कुणीतरी विमान रंगवलं होतं आणि त्याच्या खिडकीतून एक वाघ ऐटीत बाहेर बघत होता. “तो वाघ बघा ना!” बाई बोलून बसल्या.

काचीगुड्याला पुन्हा धीर केला, तर तिथं शिडीवरचा माणूस दुकानाच्या पाटीवर उर्दूखाली तेलुगू अक्षरं काढत होता, जिलब्यांसारखी गोल. तीही दाखवून झाली. पुढे एका दारावर चुन्याचे दोन मोर लागले, त्यातल्या एकाची मान पडलेली.

“मी रोज याच रस्त्यानं ऑफिसला जातो,” मुकुंदराव म्हणाले. “हे मोर कधी बसवले?”

“आपल्या लग्नाआधी!” इंदुताई फणकारल्या. फणकाऱ्यात मुद्द्याचं बोलणं राहूनच गेलं.

अजायबघरातलं काम म्हणजे सरकारी डोक्याची कमाल होती. कुठल्याशा बड्या साहेबाला वाटलं, जिल्हे वाटले जाताहेत तर त्या जिल्ह्यांतली जनावरंही वाटून टाकावीत. म्हणून मुकुंदरावांनी एकेका काचेच्या कपाटापुढे ताठ उभं राहून जनावराचं मूळ गाव यादीत लिहायचं. मगर रायचूरची, ती म्हैसूर राज्याला. अस्वल आदिलाबादचं, ते इथंच. घुबडावर चिठ्ठीच नव्हती. मुकुंदरावांनी पाच मिनिटं विचार केला आणि गंभीर चेहऱ्यानं लिहिलं, ‘बेवारशी’. इंदुताई पदर तोंडाला लावून हसल्या. कितीही राग असला तरी माणूस भोळा, हे त्या जाणून होत्या.

मग काळवीट आलं. “परभणी!” मुकुंदरावांचा आवाज फुलला. आणि लगेच कपाळाला आठ्या पडल्या. काळविटामागच्या भिंतीवर कुणीतरी एकावर एक चढवलेले मोठाले गोल धोंडे रंगवले होते.

या सगळ्या भिंती रंगवणारे दस्तगीरमियाँ शेजारच्याच कपाटात रंगवलेल्या आभाळाचे निघालेले पोपडे बुजवत होते. मुकुंदरावांनी त्यांना गाठलं.

“मियाँ, हे काय काढलंत? परभणीला असले धोंडे आहेत कुठे? सपाट काळी जमीन आहे तिकडे!”

“साब, मैं परभनी देखाइच नहीं,” मियाँ शांतपणे म्हणाले. “इधर के पत्थर देख के उतारा. आप देखे क्या?”

“म्हणजे काय! माझं गाव आहे ते.”

“आखरी कब गए थे?”

मुकुंदराव बोटं मोजायला लागले.

“मुंजीत,” इंदुताई म्हणाल्या. “आठव्या वर्षी. चार दिवस.”

“असेना का! मूळ ते मूळ. या हरणाचं गाव विचारायला नको?”

झालं! महिनाभर दाबून धरलेलं सगळं बाईंच्या तोंडून बाहेर आलं.

“विचारा, विचारा! मेलेल्या हरणाचं गाव विचारायला सरकारनं माणूस धाडलाय. घुबडाचीसुद्धा चौकशी झाली. माझी केली कुणी? मला नाही जायचं, अहो. मला इथं राहायचंय!”

आवाज सगळ्या दालनात घुमला. दस्तगीरमियाँ पाठ फिरवून पुरत्या वाळलेल्या आभाळावर उगीचच कुंचला फिरवू लागले.

“मग आधी का नाही बोललीस?”

“तुम्ही विचारलंत कधी?”

मुकुंदरावांचे कान लाल झाले. एरवी ते वाद सोडणारे नव्हते, पण आज सोडला. त्यांनी यादी काखेत मारली, खिशातून आपला फॉर्म काढला, काळविटाच्या काचेवर टेकवला आणि पेनाचं टोपण उघडलं. मग बायकोपुढे ताठ उभे राहिले.

“नाव?”

“अहो, काहीतरीच काय!”

“नाव सांगा बाई. सरकारी काम आहे.”

“इंदुमती मुकुंद सेलूकर.”

“राहायचं कुठे?”

इंदुताईंनी घरी केवढं भाषण पाठ केलं होतं. शाळा, मुली, शेजार, सगळं त्यात होतं. आता त्यातलं काही आठवेना.

“इथंच,” त्या म्हणाल्या. “हैदराबादेत.”

मुकुंदरावांनी ‘मुंबई’वर सरळ रेघ मारली, वर हैदराबाद लिहिलं आणि कागद त्यांच्या हातात दिला. “सही माझीच लागते,” ते हळूच म्हणाले. “पण आधी तू वाच.”

इंदुताईंनी कागद दोनदा वाचला, डोळे पुसून तिसऱ्यांदा वाचला.

“आता करा,” त्या म्हणाल्या.