हुपरीच्या शांभवीला आलेला हॉलंडचा फोन

मित्रांनो, रंग उडालेला हा फोन बघून नाक मुरडू नका. मी जुना आहे, पण बहिरा झालेलो नाही. कारखान्यातून निघालो तो थेट कोल्हापूरच्या एसटी स्टँडसमोर, चिमणाबाईंच्या एसटीडी बूथमध्ये आलो. तिथंच मी जन्म काढला. माझ्यापुढं रांग लागायची. "पावणं, आवरा की आता!" असं बाहेरचे ओरडले की मला उगाच मोठेपणा वाटायचा.

सांगतोय ते दोन हजार एक सालचं. हुपरीची शांभवी रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली. वडील रुद्रय्या घरीच चांदीचे पैंजण घडवायचे. चांदी धुतलेल्या सांडपाण्यावर पोरीला संशोधन करायचं होतं. सायबर कॅफेत बसून तिनं परदेशी विद्यापीठांना किती अर्ज धाडले! उत्तर एकच, "प्रवेश देतो, खर्च तुमचा." तो कुठला झेपायला? शेवटी हॉलंडच्या एका विद्यापीठाची जाहिरात सापडली. तिथं पीएच.डी. करणाऱ्याला नोकरीसारखा पगार होता. मुलाखत फोनवर होती. हुपरीची लाईन मधेच तुटायची, म्हणून तिनं माझा नंबर कळवला. ही जागा हुकली तर कागलच्या एमआयडीसीत नोकरी धरायची आणि संशोधनाचं नाव काढायचं नाही, असं घरात ठरलं होतं.

"शिकायला कोण पगार देतंय व्हय?" रुद्रय्या म्हणाले. "फसवत्यात बघ तुला."

ठरल्या वेळी मी वाजलो. पलीकडचे प्राध्यापक म्हणाले, एखाद्या मोठ्या कारखान्याच्या नाल्यातलं पाणी तपासू. ही म्हणाली, "होय सर." ते म्हणाले, वर्षातून एकदा तपासलं तरी पुरे. ही पुन्हा, "होय सर." गुरुजींपुढं उलटून बोलायचं नाही, ही आपल्याकडची रीत. पण तिकडून सुस्कारा आला. "माझं सगळंच पटतंय, तर तुम्ही इथं येऊन करणार काय?"

शांभवी माझी वायर बोटाला गुंडाळत राहिली. माझा जीव टांगणीला लागला. चिमणाबाईंना इंग्रजी कळत नव्हतं, पण पोरीचा पडलेला चेहरा दिसत होता. काचेचं दार ढकलून त्या म्हणाल्या, "गप का गं? तोंड हाय न्हवं? बोल की!"

मग शांभवी अशी बोलली की सगळ्या स्टँडनं ऐकलं. "नाही सर, हे चुकतंय! आमच्या गावात मोठा कारखानाच नाही. घराघरांत चांदी धुतात, पाणी दारातल्या गटारात जातं. एका नाल्यावरून काही कळायचं नाही!"

झालं, गेली जागा, असं मला वाटलं. तेवढ्यात प्राध्यापक मोठ्यानं हसले. "हं, आता बोलू या." मग दोघं चांगले तासभर भांडले. मला फार आनंद झाला.

आठवड्यानं मी पुन्हा वाजलो. जागा मिळाली होती. "पगारासकट?" रुद्रय्यांनी दोनदा विचारलं आणि उपरण्यानं डोळे पुसले.

ती गेल्यावर ते दर रविवारी बसनं यायचे. जेवलीस का, थंडी हाय का, एवढं विचारून रिसीव्हर ठेवायचे. एका रविवारी तिनंच विचारलं, "अप्पा, तुमचं कसं चाललंय?" त्यांनी मला दोन्ही हातांनी धरलं. बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "घर लई मोठं झालंय गं."

पुढं मोबाईल आले. रांग गेली, बूथही गेला. आता मी चिमणाबाईंच्या माळ्यावर पडून असतो. मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी मी रुसणार नाही. पण तुम्ही लांब जाल आणि घरी फोन लावाल, तेव्हा "बरं आहे ना?" एवढंच विचारून ठेवून देऊ नका. पलीकडच्या माणसाला बोलायला वेळ लागतो. तेवढं थांबा.