डफरांचा पंधरवडा

मे महिना संपता संपता हॅम्पशायरच्या नद्यांवर माश्यांचे थवे उठतात. ट्राउट मासे तेव्हा असे पिसाळतात, की पिसांची खोटी माशी कशीही फेका, झडप घालतात. म्हणून या दिवसांना डफरांचा, म्हणजे बिनकसबी माणसांचा, पंधरवडा म्हणतात.

हेडली लनच्या पंधरवड्याचा आज शेवटचा दिवस होता आणि त्याच्या गळाला अजून काहीही लागलेलं नव्हतं. एक मासा धरून दाखवला, तर नदीवरचा मासेमारीचा क्लब त्याला कायमचा सभासद करून घेणार होता. एकतीस वर्षं बसडेपोत गिअरबॉक्स उघडलेल्या माणसाला या मंडळींनी उमेदवार म्हणून घेतलं, हेच नवल. गळ फेकायला तो लायब्ररीतल्या पुस्तकावरून शिकला, डेपोमागच्या गवतावर. या काठावर हक्कानं उभं राहायला मिळावं, एवढंच त्याला हवं होतं.

दुपारी क्लबच्या लाकडी खोपटात सगळे डबे उघडून बसले.

"काय लन, आजही उपास?" अध्यक्ष लव्हिबॉन्ड म्हणाला. पूर्वी वकिली करायचा. टेबलावर त्याचे दोन मासे ऐटीत पहुडले होते. "मनाला लावून घेऊ नका. डफर हा शब्दच मोठा गमतीचा आहे. जुन्या लंडनमध्ये डफर म्हणजे फेरीवाला. काचेचे मणी चोरून आणलेली रत्नं आहेत असं सांगून गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायचा. पुढं ज्याच्या अंगात काहीच नाही, त्याला लोक डफर म्हणायला लागले."

"त्या फेरीवाल्याच्या अंगात होतं की," लन म्हणाला. "काच खपवायला जीभ लागते. फसवणाऱ्याचं नाव बिनकसबी माणसाच्या बोकांडी कसं बसलं?"

"अहो, चिडताय काय! काकडीचं सँडविच घ्या."

लननं घेतलं नाही. तो बाहेर पडला. नदीचा राखणदार क्लेम बड मागोमाग आला.

"गड्या, वरच्या पुलाकडं कशाला मरतोस? तिथले मासे जन्माचे हुशार. अल्डरच्या झाडाखाली टाक. परवाच हौदात वाढवलेले साठ मासे सोडलेत मी. पावाचा तुकडा टाकलास तरी येतील."

"आणि बाकीचे सभासद?"

"ते कुठं टाकतात असं वाटतं तुला?"

लन पुलाकडं गेला. तास दीड तास त्यानं पुलाखालच्या एका जुन्या, काळसर माशापुढं माशी टाकली. मासा वर यायचा, बघायचा, खाली जायचा. मग तो गेलाच.

चार वाजता लन अल्डरखाली आला. दुसऱ्याच फेकीला मासा लागला आणि हाक मारलेल्या कुत्र्यासारखा काठाला आला. लननं तो उलटा-सुलटा करून पाहिला. झिजलेलं दातेरी चाक त्याला लांबून ओळखू यायचं. या माशाचे पर हौदाच्या सिमेंटवर घासून खुरटले होते, शेपटीचं टोक झडलेलं होतं.

तो धरून लन खोपटात गेला.

"शाब्बास!" लव्हिबॉन्ड उठलाच. "वजनकाट्यावर ठेवा. झालात तुम्ही आमचे!"

लननं मासा अध्यक्षांच्या दोन माशांशेजारी ठेवला आणि तिन्हींचे पर बोटानं उलगडून दाखवले. "हे बघा. तिन्ही एकाच हौदातले. मला काही येत नाही, पण तुम्हाला तरी कुठं येतंय? पुलाखाली जाऊन एक धरून दाखवा."

 एकानं थर्मासचं झाकण लावलं.

"लन," लव्हिबॉन्ड हलक्या आवाजात म्हणाला, "हे इथं प्रत्येकाला माहीत आहे. फक्त बोलायचं नसतं. तेवढं जमलं असतं तर बाकी सगळं आम्ही चालवून घेतलं असतं."

"तेवढंच जमत नाही," लन म्हणाला, आणि गळाच्या काठीचे तुकडे सुटे करून पिशवीत घालू लागला.

पुढच्या आठवड्यात पत्र आलं. उमेदवारी पुढं चालू ठेवता येत नाही, कळावे. कारण लिहिलेलं नव्हतं. माशाचं वजन मात्र नोंदवलं होतं, दोन पौंड तीन औंस, आणि त्याबद्दल अभिनंदन केलं होतं.