मोजणारा

“अजून तेच चाललंय का, वहिनी?” ड्रमवाल्याने दारातच बूट काढता काढता विचारलं.

तिने पियानोवरची बोटं न थांबवता भुवया वर केल्या. तेच चाललं होतं. पाच स्वर, सगळे सारख्या वजनाचे, गोल गोल. शेजारच्या खुर्चीत नवरा बसला होता. चोवीस फेऱ्या झाल्या की त्याने “पुढे” म्हणायचं, मग तिने पाचांतला एक स्वर बदलायचा आणि पुन्हा गोल सुरू. एकतीस झाल्या होत्या. “पुढे” आलं नव्हतं.

खरं तर मोजणं तिचं काम नव्हतंच. मोजायला गेली की बोटं झुलायची, सारखे स्वर लांब-आखूड पडायचे. जॅझची जुनी खोड. वीस वर्षं हॉटेलच्या लॉबीत चहाच्या वेळेला तिघांनी जॅझ वाजवलं होतं: ती पियानोवर, नवरा बेसवर आणि नात्याचा नसूनही वहिनी म्हणणारा हा ड्रम्सवर. तिथे ती मनाला येईल तशी भरकटायची आणि नवरा खालून जमीन धरून ठेवायचा. घरी नेमकं उलट. घरी ती स्वतः रचलेलं वाजवायची. त्याला मिनिमल म्हणतात, म्हणजे थोडक्या स्वरांचं, ज्यात काही घडतंय हे कळायलाच दहा मिनिटं लागतात. तिथे हुकूम त्याचा.

“तुझ्या या संगीताला श्रोता नको गं, वॉचमन हवा,” तो म्हणायचा. आणि इमानेइतबारे पहारा द्यायचा. एकदाही चुकला नव्हता.

चार महिन्यांपूर्वी अर्धांगाच्या झटक्यात त्याचा उजवा हात गेला, आणि वाचाही बरीचशी गेली. तीन शब्द तेवढे नीट यायचे: हो, चहा, पुढे. लॉबीत आता दुसरा बेसवाला उभा राहायचा. चांगला होता बिचारा.

शनिवारी दुपारी तिचा कार्यक्रम होता. वयाच्या चोपन्नाव्या वर्षी पहिल्यांदा कुणीतरी तिची स्वतःची रचना मंचावर मागितली होती. काल सभागृहाच्या सचिवबाईंचा फोन आला होता. “मॅडम, आपण समोर छोटा पडदा लावू. आकडे दिसत राहतील, चुकायला नको. मिस्टरांना पहिल्या रांगेत मस्तपैकी बसवू.” ती म्हणाली होती, उद्या सकाळी कळवते. मंचावर त्याची खुर्ची राहणार की नाही, ते आज ठरायचं होतं.

“वहिनी, थांबवा ना,” ड्रमवाला जवळ येऊन पुटपुटला. “दादांना कळतंय सगळं.”

“कळतंय म्हणूनच थांबवत नाहीये.”

बोलल्याबरोबर तिचा आकडा सुटला. सुटला ते बरंच झालं. 

नवऱ्याने डावा हात वर केला. एक बोट, दोन बोटं, मग तिसरं अर्ध्यात अडकलं. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले.

“चहा,” तो म्हणाला.

ड्रमवाल्याला फस्सकन हसू आलं. मग त्याने तोंड दाबलं आणि उगाच खिडकीकडे बघत राहिला.

चुकीचा शब्द आला हे नवऱ्यालाही कळलं होतं. त्याने हात खाली घेतला. मान वळवली आणि तिच्याकडे पाहिलं. ही नजर तिच्या ओळखीची होती. लॉबीत रोज दोन-चारदा तरी या नजरेशी गाठ पडायची. माझं वाजवून झालं. आता तुझं.

आता रडू येईल, असं तिला वाटलं. वाट पाहिली. आलं नाही. आतलं वॉशिंग मशीन थांबलं, तेवढं मात्र स्पष्ट ऐकू आलं.

तिने एक स्वर बदलला. कुठल्या ठरल्या फेरीला नाही, आपला असाच, बोटाला वाटलं तेव्हा. थोड्या वेळाने दुसरा. बोटं झुलत होती. तिने झुलू दिली. मागे ड्रमवाल्याचा मोज्यातला पाय फरशीवर हलायला लागला होता.

वाजवून झाल्यावर तिने फोन लावला. “पडदा नको.”

“मग मिस्टर मोजणार?”

“कोणीच नाही मोजणार.”

“अहो, पण पत्रिकेत छापलंय ना, प्रत्येकी चोवीस फेऱ्या!”

“खोडा.”

“बरं… खुर्ची एकच ना मग?”

“दोन. त्यांची माझ्या डाव्या हाताला ठेवा. बेस असतो तिथे.”

“पण ते करणार काय तिथे?”

“बसणार.”

शनिवारी सभागृह अर्धं भरलं होतं. वाजवणं संपलं तेव्हा ते संपलंय हे बराच वेळ कुणाला कळलंच नाही. तीही बसून राहिली. मग मागून कुणीतरी टाळी वाजवली, मग बाकीच्यांनी. ती उठून उभी राहिली. काही वाटतंय का ते तिने तपासलं, आणि डावीकडे बघितलं.

उजवा हात त्याच्या मांडीवर उताणा पडला होता. डाव्या हाताने तो त्यावर थापट्या मारत होता. आवाज येत नव्हता. लोकांच्या टाळ्या विरल्या, दोघं-चौघं उठून चालायलाही लागले, तरी त्याचं चालूच होतं. ती उभीच राहिली, त्याचं होईपर्यंत.