तक्ते रंगवणारे काका

“डोकं कुठलं?” काकांनी विचारलं.

मी तक्त्यावरच्या चाबूककृमीच्या जाड टोकावर झोकात बोट ठेवलं. वर्गात सगळ्यांत आधी हात माझाच वर असतो. उत्तर बरोबर असतंच असं नाही.

“ती शेपटी. दोऱ्यासारखं बारीक आहे ना, ते डोकं. गुराच्या आतड्यात शिवल्यासारखं रुतून बसतं.”

“आणि हा पट्टकृमी?”

“याला चिकटायला चार चोषक, पण तोंडच नाही. तुझ्या अगदी उलट.”

माझे काका गुरांच्या डॉक्टरांच्या कॉलेजात चित्रकार होते. गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्यांच्या पोटातले जंत त्यांनी जन्मभर रंगवले. गोल, पट्टीसारखे, पानासारखे. ज्याचं कूळ वेगळं, त्याचा तक्ता वेगळा. आता तिथे पडद्यावर शिकवतात, म्हणून तक्ते गुंडाळून घरी आले होते. आम्ही ते माळ्यावर टाकत होतो, कारण टेबल रिकामं हवं होतं. काकांच्या मुलीने, परगावच्या ताईने, नव्या घरासाठी एकच गोष्ट मागितली होती: बाबांनी काढलेलं आईचं चित्र. काकूला जाऊन वर्ष होत आलं होतं. तिचं चित्र काकांनी कधी काढलंच नव्हतं.

कागद लावून काका बसले. पेन्सिल हलेना.

“फोटो बघून काढा की,” मी म्हटलं.

“फोटोत उन्हाने डोळे बारीक केलेत. अशी नव्हती ती.”

“मग कशी होती? तिळापासून सुरू करा.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मेंढीच्या जंताच्या तोंडातले दात डोळे मिटून सांगणारा हा माणूस.

“तीळ होता?”

“होता की. हनुवटीखाली, उजवीकडे.”

काका कोऱ्या कागदाकडे बघत म्हणाले, “मी काढत बसायचो, ती शेजारी भिंग धरायची. तासन्‌तास. तिची बडबड चालू, मी खाली बघून हूं हूं. म्हणायची, एकदा वर तरी बघा, तुमच्या जंतांपेक्षा बरी दिसते मी. मी म्हणायचो, हा तक्ता होऊ दे.”



काकांनी मान खाली घातली, आणि पेन्सिल चालू लागली. भिंगाची कड आली. तिच्यावर अंगठा, नखाशेजारी भाजल्याचा डाग, तर्जनीचं जरा वाकडं पेर. काकूच ती, कुणीही ओळखलं असतं. मनगटापाशी पेन्सिल थांबली. वरचा सगळा कागद कोरा.

मग सवयीने त्यांनी हातापासून समासाकडे एक बारीक रेघ ओढली, तक्त्यात अवयवाचं नाव लिहायला ओढतात तशी.

“काकूचं नाव लिहा,” मी म्हटलं.

“ते अख्ख्या माणसाचं झालं,” काका म्हणाले. “मी एवढंच पाहिलंय.”

पेन्सिल रेघेच्या टोकाशी टेकवून ते तसेच बसून राहिले.