आतलं अस्तर

"माणसाचं शरीर म्हणजे त्याच्या चारित्र्याची उघडी वही असते," दादा म्हणाले आणि त्यांनी पोट आत ओढून घेतलं.

मास्तरांनी त्यांच्या कमरेभोवती टेप फिरवला आणि वाट पाहिली. सत्तावन्न वर्षं धाकटा भाऊ म्हणून आणि पस्तीस वर्षं शिंपी म्हणून काढल्यावर त्यांना एवढं ठाऊक होतं, की श्वास कोंडून दादा फार तर एक सुविचार उभे राहू शकतात.

"पोट सोड, दादा. लग्नात तुला जेवायचंही आहे."

"मी काही धरलेलं नाही," दादा म्हणाले, आणि त्या वाक्यासरशी पोट सुटलं. टेप मास्तरांच्या बोटांतून तीन इंच सरकला.

मास्तरांनी कानावरची पेन्सिल काढली, आकडा लिहिला, पेन्सिल पुन्हा कानावर ठेवली.

दादा मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले होते. शाळेने त्यांना सोडलं होतं, त्यांनी शाळेला सोडलं नव्हतं. चार माणसं कुठे उभी दिसली की त्यांना ती प्रार्थनेची रांग वाटे. बारा दिवसांनी मुलीचं लग्न होतं आणि त्यासाठी आणलेले तीन तयार कोट त्यांनी दुकानात परत केले होते. पोटावर बसणारा कोट खांद्यांवरून पडद्यासारखा लोंबे, आणि खांद्यावर बसणाऱ्याची बटणं पोटापाशी येऊन माघार घेत. शेवटी तीन वर्षांनी ते धाकट्या भावाच्या दुकानाची पायरी चढले होते.

"पाणी देऊ?"

"नको. घरून पिऊन आलोय."

या दुकानात येताना दादा पाणी नेहमी घरून पिऊन येत. बारा वर्षांपूर्वी मास्तरांना एचआयव्ही असल्याचं निघालं, त्या आठवड्यात दादांच्या घरी एका स्टीलच्या पेल्याच्या बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका लागला. तेव्हापासून तो पेला मास्तरांचा. त्या घरात स्वतःच्या मालकीचं भांडं असलेले ते एकटेच पाहुणे होते.

"हात वर कर."

दादांनी हात वर केले. बनियनमधून दंड बाहेर आले, बारीक आणि शिरा उठलेले, जणू दुसऱ्या कुणाकडून उसने आणलेले.

"तुझ्याशी एक बोलायचं होतं," दादा भिंतीवरच्या आरशाशी बोलले. "तुझी पुतणी हट्ट धरून बसलीय. काका पहिल्या रांगेत हवेत म्हणते. पोर आहे ती. पण तू समजूतदार आहेस."

मास्तरांनी दंड मोजला. समजूतदार म्हटलं की पुढे आपलं काहीतरी जाणार, हे ते लहानपणी पतंगापासून शिकले होते.

"हल्ली तुझ्या चेहऱ्यावर दिसायला लागलंय रे. गाल पार बसलेत. आणि मुलाकडच्यांत एक डॉक्टर आहे."

"मग त्याला कळेल, मी औषध वेळेवर घेतो ते."

"थट्टा नको. लोक विचारतील. उत्तरं मला द्यावी लागतील. आशीर्वाद काय, घरूनही देता येतो."

"मापंसुद्धा फोनवर सांगता येतात," मास्तर म्हणाले आणि वाकून त्यांनी दादांच्या मांडीला टेप लावला.

दादांच्या मागे, पांढऱ्या चादरीखाली, पुतणीचा लग्नाचा पोशाख टांगलेला होता. ती पोर याच दुकानातल्या चिंध्यांवर रांगायला शिकली होती. तिचं पहिलं झबलं आणि हा पोशाख, मधले सगळे कपडे धरून, याच मशीनवर शिवले गेले होते. पोशाखाचं शेवटचं बटण मास्तरांनी परवा लावलं. तो तिच्या अंगावर कसा बसतो, एवढं त्यांना बघायचं होतं. आणि ते खांबाआडून किंवा नंतर फोटोत नव्हे.

गाल बसल्याची बातमी मात्र त्यांना नवी नव्हती. दवाखान्यातली डॉक्टरबाई दर सहा महिन्यांनी एक कागद पुढे ओढून विचारायची, "अंगात काही बदल?" मग मान वर करून त्यांच्याकडे बघायची. समोर अंगासरसा शर्ट, नीट बसलेली पँट. ती लिहायची, "नाही." इकडे मास्तर दर सहा महिन्यांनी पँटला मागून आतल्या बाजूने अस्तराचा एकेक थर वाढवत होते, मांड्या आत घेत होते, शर्टाला खांदे भरत होते. लपवायचं असं काही मनात नव्हतं. अंगावर लोंबणारा कपडा त्यांना बघवत नसे, एवढंच. मग या वर्षी बाईंनी कातडीची जाडी मोजायचा चिमटा आणला आणि पँट उतरवायला सांगितली. मास्तरांनी ती खुर्चीवर ठेवली. पँट खुर्चीवर ऐसपैस बसली, मास्तरांपेक्षा भरलेली. बाईंनी एकदा पँटकडे पाहिलं, एकदा मास्तरांच्या पायांच्या काड्यांकडे.

"मास्तर, तीन वर्षं फसवलंत तुम्ही आम्हाला."

"फसवलं नाही हो बाई. फिटिंग केलं."

बाई हसल्या नाहीत. जुन्या गोळ्यांनी काही जणांचं असं होतं, त्यांनी समजावलं. गाल, दंड, मांड्या, बसायची जागा इथली चरबी जाते, पोटावर आणि मानेमागे साठते. गोळी बदलली की पुढचं थांबतं, पण गेलेलं फारसं परत येत नाही. लवकर कळलं असतं तर गाल वाचले असते. "हा बदल आधी पेशंटला कळतो, मग त्याच्या शिंप्याला, आणि सगळ्यांत शेवटी आम्हाला," त्या म्हणाल्या.

मास्तरांच्या बाबतीत पहिले दोघं एकच होते, आणि दोघंही गप्प बसले होते.

आता त्यांनी दादांच्या मांडीचा आकडा लिहिला आणि वहीची मागची पानं चाळली. तीन वर्षांपूर्वीच्या सफारीची मापं सापडली. त्यांनी पेन्सिल एका पानावरून दुसऱ्या पानावर नेली. मांडी दोन इंच कमी. बैठक तीन इंच कमी. दंड दीड इंच कमी. पोट चार इंच जास्त.

"मान," ते म्हणाले.

दादांनी मान ताठ केली. मागे, जिथे कॉलर बसायला हवी, तिथे मऊसर उंचवटा होता. टेप त्यावरून घसरला.

"हे कधीचं?"

"वाचनाचं आहे ते. आयुष्यभर मान खाली घालून वह्या तपासल्यात."

 मास्तरांनी टेप पुन्हा लावला. पुन्हा घसरला.

तेवढ्यात टेबलावरच्या त्यांच्या मोबाईलवर नऊचा गजर झाला. मास्तरांचा हात सवयीने ड्रॉवरकडे गेला. त्याच क्षणी दादांचा हात खुंटीवरच्या आपल्या शर्टाच्या खिशाकडे गेला, तिथे थबकला, आणि पेन चाचपू लागला. खिशात पेन नव्हतं. खिशात काहीतरी खुळखुळलं.

गजर वाजत राहिला. बंद करायचं दोघांपैकी कुणालाच सुचलं नाही.

"व्हिटॅमिन आहे," दादा म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं.

मास्तरांनी गजर बंद केला, ड्रॉवरमधली आपली गोळी काढली आणि घोटभर पाण्याबरोबर गिळली. बारा वर्षांत त्यांनी दादांसाठी पुष्कळ वाक्यं कापून ठेवली होती, चांगली धारदार. पेल्याबद्दलची तर दोन-तीन होती. दादांच्या घरी दुसऱ्या कुठल्याही पेल्याला ठिपका नव्हता, हेही त्यांना आठवलं. पण समोरचा माणूस बनियनवर उभा होता, आणि पोट आत ओढायचं विसरला होता. कापून ठेवलेलं एकही वाक्य त्या मापाचं निघेना. याचाच त्यांना जास्त राग आला.

"दवाखान्यात सांग," ते म्हणाले. "गोळी बदलून देतात."

"मला काही झालेलं नाही."

"बरं. काही झालेलं नसलं तरी बदलून देतात. पण सांगावं लागतं. कपडे उतरवून दाखवावं लागतं. नुसतं बघून त्यांना कळत नाही, चांगल्या घरातला माणूस असला तर मुळीच नाही."

दादा शर्ट घालू लागले. बटणं खालून वर लावत गेले, गळ्यापर्यंत. मध्ये त्यांची नजर खुंटीशेजारी उलटी टांगलेल्या मास्तरांच्या पँटवर गेली. आतलं अस्तर बाहेर आलेलं होतं, थरावर थर, बारीक टाके घातलेलं. ते बराच वेळ बघत राहिले.

"ही वही कुणी बघतं का?"

"कुणी नाही. सगळ्या गल्लीची पोटं आहेत तिच्यात. दाखवायला लागलो तर लोक दुकान पेटवतील."

"हं."

शेवटचं बटण लागलं आणि दादा पुन्हा मुख्याध्यापक झाले. आरशात पाहून त्यांनी केसांवरून हात फिरवला. गालांवरून मात्र नजर झरकन पुढे नेली.

"शनिवारी ये फिटिंगला."

"येतो." दादा दारापर्यंत गेले आणि घसा खाकरला. "खुर्ची ठेवायला सांगतो. पहिल्या रांगेत नाही. दुसऱ्या. खांबापाशी."

मास्तर टेप गुंडाळत होते. "खांबाच्या पुढे की मागे?"

दादांनी रस्त्याकडे पाहिलं. समोरचा दुकानदार शटर वर करत होता.

"पुढे," ते म्हणाले. "आणि डॉक्टरशी बोलत बसू नकोस."

"मी कशाला बोलू? तुझ्याशीच बोलायला येईल तो. तू मुलीचा बाप."

दादांचा हात कॉलरवर गेला, मागच्या बाजूला, आणि तिथेच राहिला. मग ते पायरी उतरले. दोन पावलं गेले. परत आले. आत न येता, तोंड रस्त्याकडेच ठेवून, त्यांनी आवाज खाली आणला.

"ते तू पँटला मागून आत लावतोस ना..."

मास्तर थांबले.

"मलाही लाव जरा. दोन थर."